प्रोव्हिदेन्सियाच्या नावापुढचा क्रूस

एकतीस वर्षं झाली, सांता रुफिनाच्या चर्चच्या कचेरीत मी बसते. गावात कोण कधी जन्मलं, कोणाचं लग्न कोणाशी लागलं, कोणाचं लागायला हवं होतं आणि लागलं नाही, सगळं मला तोंडपाठ. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असला की लोक माझ्याकडे येतात. फादर सिरियाको फक्त शिक्का मारतात, तोही मी बोट ठेवीन तिथे. या एकतीस वर्षांत मी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ही बाई मुळातलीच लबाड. नव्हते हो मी तशी.

अब्दिएल माझ्या बहिणीचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना आउरेया ऑर्लँडोला गेली. ‘जम बसला की नेते त्याला,’ म्हणाली. तिचा जम बसेपर्यंत पोरगा माझा झाला. शाळा सुटली की तडक कचेरीत यायचा आणि माझ्या टेबलाखाली बसायचा. पाऊस असला की बाहेर खेळता यायचं नाही, मग चुळबुळ. अशा वेळी मी त्याच्यापुढे एखादी जुनी नोंदवही उघडून ठेवायची. वाचायला तो शाळेत नाही, त्या वह्यांवर शिकला.

“मावशी, हे नावाशेजारी बाहेर काय काढलंय?”

“क्रूस आहे तो. ते बाळ वारलं, त्याची खूण. पूर्वीचे पाद्री बाप्तिस्म्याच्या वहीतच, समासात, असा क्रूस काढून ठेवायचे.”

मग तो क्रूस मोजत बसायचा. जुन्या वह्यांत क्रूस फार. एकदा मोजून झाल्यावर म्हणाला, “मावशी, या एका पानावर सहा. बिचारे.” सात वर्षांचं पोर! मी त्याला जवळ घेतलं आणि वही मिटून टाकली.

चर्चच्या मागच्या अंगणात बास्केटबॉलची एक रिंग होती, वादळात वाकलेली. तिच्यावर तो खेळ शिकला. वाकड्या रिंगमध्ये चेंडू टाकायची सवय झाल्यामुळे सरळ रिंग त्याला सोपी वाटायची, असं तो हसत सांगायचा. उंची काही फार नाही, सहा फूट दोन इंच. पण चेंडू हातात आला की पाचही जण कुठे आहेत ते त्याला न बघता कळायचं. एकोणिसाव्या वर्षी लीगच्या निवडीत त्याचं नाव आलं, आणि तेसुद्धा आमच्याच गावच्या संघात, ससाण्यांत! मी त्या दिवशी कचेरीला कुलूप लावलं आणि फादरना म्हटलं, आज कोणी जन्मू नये, कोणी मरू नये.

आमच्या गावात दुसरं आहे काय? एक चौक, एक चर्च, दोन औषधांची दुकानं आणि ससाणे. सव्वीस वर्षं करंडक नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्याची शेवटची चाळीस सेकंदं इथले म्हातारे अजून डॉमिनोच्या टेबलावर खेळून दाखवतात, सोंगट्या मांडून.

पहिलं वर्ष अब्दिएल बाकावर बसला. मिनिट-दोन मिनिटं खेळायला मिळायचं, बस. मी त्याचा निळा शर्ट हाताने धुवायची, मशीनमध्ये नाही, आकडा उडतो म्हणून. सतरा नंबर. शेजारीण म्हणायची, “मिग्दालिया, घामच नाही तर धुतेस काय?” मेली, जीभ आहे की सुरी. पण दुसऱ्या वर्षी जानेवारीत कोचने त्याला बोलावून सांगितलं, “या वर्षी पॉइंट गार्ड तू. खेळ तू चालवायचा, चेंडू तुझ्या हातात.” घरी येऊन त्याने मला उचललं आणि स्वयंपाकघरात गिरकी मारली. माझं वजन तुम्ही बघताच आहात. भिंतीवरचं घड्याळ पडलं. पडू दे म्हटलं.

आणि फेब्रुवारीत एरिबेर्तो आला.

एरिबेर्तो लुगो म्हणजे संघाचा मालक. गाद्यांचं दुकान आहे त्याचं, तीन गावांत. डोक्याला केस नाहीत आणि अत्तर मात्र केस असल्यासारखं. मंगळवारी सकाळी कचेरीत शिरला तो बेकरीचा खोका घेऊनच. चीज भरलेल्या गोड सुरळ्या, गरम.

“मिग्दालियाबाई, तुम्ही तर दिवसेंदिवस लहान होत चाललात.”

“गादी विकायला आला असाल तर माझी अजून धड आहे.”

“गादी नाही हो. आजी हवी आहे.”

मी समजले. लीगचा नियम साधा आहे, गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. प्रत्येक संघाला बाहेरचे तीनच खेळाडू. बाकी सगळे इथले. आणि इथला कोण? जो आमच्या या बेटावर जन्मला तो, नाहीतर ज्याची आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी एक जण तरी इथे जन्मला तो. म्हणून सगळे मालक न्यूयॉर्कमध्ये उंच पोरं शोधत हिंडतात, आणि उंची मोजून झाली की पहिला प्रश्न, तुझी आजी कुठली?

“डॅरियस टॉलिव्हर,” एरिबेर्तो म्हणाला. “चोवीस वर्षांचा. सहा फूट दहा. आजी प्रोव्हिदेन्सिया रोसादो, तिनेच वाढवला त्याला. आता नाही ती. आपल्या डोंगरातली, बहुतेक आपल्याच गावची. सरकारी दप्तरात मिळत नाही, त्या वर्षांची बाडं वादळात भिजून लगदा झालीत. लीग म्हणते, बाप्तिस्म्याचा दाखला चालेल. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.”

“बहुतेक म्हणजे?”

“बहुतेक म्हणजे तुम्ही शोधा, म्हणजे नक्की होईल.”

मी विचारलं, “आणि आमचा अब्दिएल?”

तो खुर्ची पुढे ओढून बसला. “बाई, त्याच्यासाठीच तर चाललंय. पोरगा पास देतो लाख मोलाचा, पण रिंगखाली घेणारा कोण आहे? आपले दोन्ही उंच लोक म्हणजे कपाटं, कपाटं! हा डॅरियस आत उभा राहिला की अब्दिएलचं नाव कुठल्या कुठे जाईल. स्पेनच्या मोठ्या संघांची माणसं खेळाडू हेरायला इथे येतात, तुम्हाला माहीत नाही का? मात्र कोणाला बोलू नका. अब्दिएललाही नाही. दुसऱ्या संघांच्या कानावर गेलं तर हरकती घेतील. मोसम संपेपर्यंत आपल्या दोघांत.”

स्पेन म्हटल्यावर मी विरघळले. खरं सांगते, त्या सुरळ्यांनी नाही, स्पेनने.

तीन दिवस वह्या उपसल्या. धुळीने नाक गळायला लागलं. गुरुवारी दुपारी सापडली. प्रोव्हिदेन्सिया रोसादो कोलोन, जन्मून चौदा दिवसांची, जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. मी टुणकन उडालेच. आणि मग समासाकडे नजर गेली. क्रूस. बारीक, काळ्या शाईतला, आणि त्याखाली तारीख. आठ महिन्यांची होऊन वारली होती ती.

मेलेलं बाळ कोणाची आजी होत नाही, एवढं मला कळतं. पण आमच्या डोंगरात एक रीत होती. बाळ वारलं की त्याचं नाव पुढच्या बाळाला द्यायचे. माझ्या आईचंच नाव आधी दोन मुलींना देऊन झालं होतं. तेव्हा रोसादोंच्या घरात दुसरी प्रोव्हिदेन्सिया झालीच असणार, तीच न्यूयॉर्कला गेली असणार. पुढच्या सात वर्षांच्या नोंदी चाळल्या. नव्हती. मग मनाशी म्हटलं, दुसरीचा बाप्तिस्मा आजोळी झाला असेल, दुसऱ्या चर्चमध्ये. बायका पहिल्या खेपेचा धसका घेऊन माहेरी जातातच. त्या चर्चला फोन करून विचारायला हवं होतं. फोन माझ्या कोपराशी होता. नाही केला. का? तिथली बाई ‘नाही’ म्हणाली असती म्हणून. दुसरं काही नाही.

शुक्रवारी सकाळी मी दाखला टाइप केला. नाव, आईबाप, तारीख, पाद्र्याचं नाव, पान, ओळ. सगळं खरं. फक्त समासातलं उतरवलं नाही. खाली लिहिलं, ‘मूळ नोंदीनुसार तंतोतंत’, आणि सही केली. फादरनी चष्मा न लावता शिक्का मारला.

“कोणाचा आहे ग?” त्यांनी विचारलं.

“एका आजीचा,” मी म्हटलं.

डॅरियस आला. तोच दोष काढण्यासारखा असता तर मला बरं झालं असतं. पण पोरगा सोन्यासारखा. दारातून वाकून आत यायचा आणि वाकलेलाच राहायचा. अब्दिएलने त्याला पहिल्याच रविवारी जेवायला आणला. ओल्या तुरीचा भात, भाजलेलं डुकराचं मटण, तळलेली केळी. भाताचा पहिला घास खाल्ला आणि त्याने चमचा खाली ठेवला.

“आजीचा भात,” तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. “अगदी असा.”

“मग खा की, रडतोस काय,” अब्दिएल म्हणाला. “मावशी, याला करपलेली खरवड वाढ. माझ्या वाटणीची नको, तुझ्या वाटणीची वाढ.”

तेव्हापासून मी त्याचीही मावशी झाले. आणि त्या दोघांचा खेळ! पहिल्या नऊ सामन्यांत आठ जिंकले. अब्दिएल मान भलतीकडे फिरवून चेंडू वर फेकायचा, तिथे काहीच नसायचं, आणि मग कुठूनतरी डॅरियसचा हात यायचा. म्हातारे डॉमिनो सोडून सामन्याला यायला लागले. स्पेनचा एक माणूस खरोखरच आला, कोटबीट घालून, वही घेऊन. मी मनात म्हटलं, बघ मिग्दालिया, देवानेच तुझा हात धरून लिहून घेतलं.

देव कशाला असल्या भानगडीत पडेल!

एप्रिलच्या शेवटी किशॉन नावाचा एक गार्ड आला. बाहेरचा, टेक्सासचा. अब्दिएलने मला घरी समजावून सांगितलं, टेबलावर तीन संत्री मांडून.

“हे बघ मावशी. बाहेरचे तीन चालतात. आपल्याकडे दोन होते. तिसरी जागा उंच माणसासाठी राखून ठेवली होती. पण डॅरियसची आजी इथली निघाली, म्हणजे तो झाला इथला. म्हणजे तिसरं संत्रं रिकामं राहिलं.” त्याने तिसरं संत्रं हातात घेतलं. “उंच माणूस तर मिळालाच, मग तिथे कोणाला आणायचं? एरिबेर्तोने गार्ड आणला.”

“गार्ड तर तू आहेस.”

“तेच तर.”

तो संत्रं सोलायला लागला. नसती डॅरियसची आजी सापडली, तर डॅरियस तिसरा बाहेरचा म्हणून आला असता, किंवा दुसरा कोणी उंच आला असता, आणि अब्दिएलच्या जागेला कोणी हात लावला नसता. इतका साधा हिशेब! गावातलं शेंबडं पोर सांगेल म्हटलं ना मी? मला नाही सुचला. मी माझ्या हाताने पायावर धोंडा टाकला असता तर ठीक होतं. मी तो त्याच्या पायावर टाकला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला बाकावर बसवलं. तिसऱ्यात संघाचा शर्ट चढवून बसला तरी खेळवलं नाही. महिना संपायच्या आत एरिबेर्तोने त्याला दुकानात बोलावलं आणि एका गादीवर बसवून सांगितलं, बाद फेरीच्या आधी यादीतून नाव काढतोय, मन लहान करू नकोस, तरुण आहेस. अब्दिएल घरी आला आणि शर्ट माझ्या हातात दिला. “धुऊ नकोस मावशी. परत द्यायचाय.”

दुसऱ्या दिवशी मी एरिबेर्तोच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती. असू देत.

“नाव परत घाला,” मी म्हटलं. “नाहीतर मी लीगला कळवते. त्या बाळाच्या नावापुढे क्रूस आहे. आठ महिन्यांची वारली ती.”

त्याने गिऱ्हाइकांकडे बघून हसून हात हलवला, मला मागच्या खोलीत नेलं आणि खणातून दाखल्याची प्रत काढली. शांतपणे वाचली, वरपासून खालपर्यंत.

“मला कुठे क्रूस दिसत नाही, बाई. इथे लिहिलंय, मूळ नोंदीनुसार तंतोतंत. आणि ही सही तर माझी नाही.”

“तुम्हीच मला...”

“मी आजी शोधायला सांगितलं. मेलेली आजी द्या असं म्हटलं का?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कळवा की. जिंकलेले सगळे सामने रद्द होतील. फादरचा शिक्का आहे, त्यांनाही ओढतील. त्या लांबूची तर अब्रूच जाईल, त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नाही. आणि गावाला कळलं की अब्दिएलच्या मावशीने अब्दिएलसाठी संघ बुडवला, तर पोराला चौकातून चालता येईल? सांगा ना तुम्हीच.”

मी परत आले. वाटेत स्वतःला सांगत होते की मी अब्दिएलसाठीच गप्प बसतेय. खोटं. मला माझ्या खुर्चीची भीती वाटली. एकतीस वर्षांच्या नावाची. लोक ‘मिग्दालियाबाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच’ म्हणतात, ते मला सोडवेना.

अब्दिएल दुसऱ्या संघांना फोन करत राहिला. मोसमाच्या मध्यात कोणाकडे जागा नव्हती. स्पेनच्या माणसाने उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तो चर्चमागच्या अंगणात त्या वाकड्या रिंगखाली एकटाच उभा असायचा, चेंडू काखेत धरून. टाकायचा नाही. शेवटी आउरेया म्हणाली, इकडे ये, गोदामात काम आहे. पंधरा वर्षांनी जम बसला तिचा!

त्याचं विमान जुलैतल्या एका रविवारी होतं. आणि आदल्या दिवशी ससाण्यांनी करंडक जिंकला.

शेजाऱ्याच्या गाडीतून मी त्याला विमानतळावर सोडायला निघाले. चौकाच्या अलीकडेच अडकलो. सगळं गाव रस्त्यावर. ट्रकवर ढोल, भोंगे, निळे झेंडे, म्हातारे रडतायत, बायका भांडी बडवतायत. लोकांनी गाडीत अब्दिएलला ओळखलं आणि टपावर थापा मारायला लागले. “आपला पोरगा! चॅम्पियन!” खिडकीतून हात घालून त्याचे गाल ओढले. कोणीतरी त्याच्या मांडीवर झेंडा टाकला. तो सगळ्यांना हसून “धन्यवाद काका, धन्यवाद” म्हणत होता.

ट्रकवरून एरिबेर्तो बोलत होता, ध्वनिक्षेपकावर, आवाज बसलेला, पिऊन टाइट. त्याने कोचचे आभार मानले, महापौरांचे मानले, देवाचे मानले. मग म्हणाला, “आणि आता एक गुपित सांगतो! आपला डॅरियस आपला कसा झाला? आपल्या मिग्दालियाबाईंनी तीन दिवस वह्या उपसून त्याची आजी शोधली! टाळ्या होऊ द्या बाईंसाठी!”

अख्ख्या चौकाने टाळ्या वाजवल्या. डॅरियस ट्रकवरून मला शोधत होता, हात उंच करून. “मावशी! मावशी!”

अब्दिएलने माझ्याकडे पाहिलं. “तू?”

मी मान हलवली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तो म्हणाला सांगू नका. तुझं भलं होईल म्हणाला. स्पेनची माणसं...”

तो मांडीवरच्या झेंड्याच्या दशा ओढत बसला. मग म्हणाला, “वहीत होतं तिचं नाव?”

“होतं.”

“मग तू तरी काय करणार? जे आहे ते लिहिणं तुझं काम. तू कधी खोटं लिहिलं नाहीस, मावशी. आजी खरी, तर दाखला खरा. उरलेलं माझं नशीब.” आणि त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याने, माझ्या!

तेव्हा बोलायला हवं होतं. भोंगे वाजत होते, पण तो अगदी जवळ होता, ऐकू गेलं असतं. मी पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं. विमानतळावर त्याने मला मिठी मारली, चेंडू माझ्याकडे ठेवला आणि म्हणाला, दर रविवारी फोन करीन. करत होता. रविवारची प्रार्थना आटोपून मी घरी आले की फोन वाजायचा. खोकी, पाठदुखी, आईचा नवरा घोरतो, असलं काहीबाही सांगायचा. खेळाविषयी तो बोलायचा नाही आणि मी विचारायची नाही.

ऑगस्टमध्ये डॅरियस निरोप घ्यायला आला. त्याला स्पेनच्या संघाने घेतलं होतं. हो, त्याच कोटवाल्या माणसाने. त्याला एकच गोष्ट हवी होती. आजीचं पान बघायचं होतं. आधी दोनदा मागितलं होतं त्याने, मी म्हटलं होतं वही बांधायला गेलीय. या खेपेलाही तेच म्हटलं, पण फादर कचेरीतच होते.

“बांधायला? कपाटात तर आहे!” म्हणाले, आणि मी उठायच्या आत वही काढून, डॅरियसने दाखल्यावरून सांगितलेल्या पानावर बोटाने ओळी मोजून, त्याच्यापुढे उघडली. चष्मा नव्हताच. “ही बघ तुझी आजी, पोरा.” तेवढ्यात बाहेर कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते गेले.

डॅरियस गुडघ्यांवर बसला, तेव्हा कुठे त्याचं तोंड वहीच्या पातळीला आलं. ओळीवरून एक बोट फिरवलं, न टेकवता.

“प्रोव्हिदेन्सिया,” त्याने वाचलं. मग बोट समासात गेलं. “मावशी, हे काय?”

खालची तारीख जुन्या पाद्र्याच्या किरट्या अक्षरात, लॅटिनमध्ये. त्याला कळायचं कारण नव्हतं.

“आशीर्वाद आहे तो,” मी म्हटलं. “पाद्री काढायचे.”

त्याने स्वतःची बोटं ओठांना लावली आणि त्या क्रुसावर अलगद टेकवली. मग फोन काढून फोटो घेतला. एक दुरून, एक जवळून. मी बघत राहिले. काय म्हणणार होते, नको घेऊ?

“अब्दिएलला पाठवतो,” तो म्हणाला. “त्याला आवडेल. तो म्हणायचा, लहानपणी याच वह्यांवर वाचायला शिकलो.”

“अरे, राहू दे, कामावर असेल तो,” मी म्हटलं. पण त्याचा अंगठा बटणावर पडला होता.

आम्ही कॉफी प्यायलो. म्हणजे तो प्यायला. मी कपाला हात लावला नाही. दहाएक मिनिटांनी फोन वाजला आणि डॅरियसचं तोंड फुललं. त्याने मला वाचून दाखवलं. “म्हणतो, ‘छान आहे. जपून ठेव हा फोटो.’” मग उठून मला मिठी मारली, माझं डोकं त्याच्या पोटाशी आलं, आणि वाकून दारातून बाहेर गेला.

त्या रविवारी मी प्रार्थनेहून लवकर आले आणि फोनपाशी बसले. वाजला नाही. दुपारी तीनला मीच लावला. आउरेयाने उचलला.

“अब्दिएल आहे का ग?”

पलीकडे तिने फोनवर हात ठेवला. काहीतरी बोलणं झालं. मग ती परत आली, आणि आउरेया जन्मापासून अशीच आहे, तिला कधी काही झाकता आलं नाही.

“मिग्दालिया, तू पोराला काय केलंस ग? तो इथे माझ्यासमोर उभा आहे. म्हणतो, मावशीला सांग, मी घरी नाही.”